एनॉकची मिशी आणि मॉल्टर्बीच्या सहा घंटा

"चुकायचंच असेल, तर तालात चुकावं," असं एनॉक स्टिबिंग आयुष्यभर म्हणत आला. दूध उतू गेलं तरी म्हणे, सायकलवरून कालव्यात पडला तरी म्हणे. लग्नाच्या दिवशी अंगठी घालताना त्यानं नवरीचा भलताच हात धरला, तेव्हा पाद्रीबाबांनाही त्यानं हेच ऐकवलं. नवरी होती लेटी. आपल्याला जन्मभर काय ऐकत बसायचं आहे, ते तिला तिथंच कळलं.

मॉल्टर्बीचा मुलूख सपाट. जुनी पाणथळ जमीन, मधून सरळ रेघेसारखे कालवे, कालव्यांच्या कडेनं बांध, आणि वर न संपणारं आभाळ. कुणी रागावून घर सोडून निघालं तर सगळं गाव त्याला दुपारपर्यंत पाहत राहतं. म्हणून रागावून जायची पद्धत तिथं कधी रुजलीच नाही. त्या सपाटीत उंच अशी एकच गोष्ट, चर्चचा मनोरा, आणि त्यात सहा घंटा. एनॉकनं उमेदीची सारी वर्षं कालव्यांतलं गवत आणि गाळ काढण्यात घालवली. "मी जन्मभर चिखल इकडचा तिकडं केला," तो म्हणे, "चिखलाची काही तक्रार नाही." पण मनोऱ्याच्या जिन्याला लागला की त्याची पाठ सरळ व्हायची. तिथं तो चिखलवाला नव्हता. तिथं तो हाक देणारा होता.

या घंटा गाणं वाजवत नाहीत. प्रत्येक घंटेला एक दोर, प्रत्येक दोराला एक माणूस. दोर ओढला की घंटा पुरी गरकन फिरते आणि एकच ठोका देते. सर्वांत लहान घंटा ती धाकटी, सर्वांत जड ती थोरली. आरंभी धाकटीपासून थोरलीपर्यंत ओळीनं ठोके पडतात. मग दर ओळीला घंटा आपापल्या जागा बदलत जातात, एकमेकींना ओलांडतात, पुढं जातात, मागं येतात. कुठं वळायचं ते सगळं डोक्यात ठेवायचं. मधूनच एकजण हाक देतो आणि त्या हाकेनं वाटा बदलतात. शेवटी सगळ्या पुन्हा पहिल्या ओळीत येतात. याला तिथले लोक घंटा घरी येणं म्हणतात. घंटा घरी आल्याशिवाय दोर सोडायचा नाही, हा मनोऱ्याचा कायदा. "थांबा" असा एक शब्द आहे, पण मॉल्टर्बीच्या मनोऱ्यात तो कुणी उच्चारलेला नव्हता. एनॉकच्या आजोबांच्या वेळी छपरावर वीज पडली, तेव्हाही म्हणे माणसं घंटा घरी आणूनच खाली उतरली.

हाक देणाऱ्याचा मान एवढाच, की शेगडीजवळच्या पहिल्या खिळ्यावर कोट टांगायचा. आधी तिथं एनॉकच्या वडिलांचा कोट असे, त्यांच्यामागं एनॉकचा. खाली उतरताना तो ऊबदार असायचा. बाकीच्यांचे कोट थंड.

पण अलीकडं एनॉक वाटेत हरवू लागला होता. हाक द्यायची जागा यायची, जायची, आणि तो धाकटीचा दोर ओढत छताकडं बघत राहायचा. दुसऱ्या घंटेवर थिर्झा कॉडवेल असे, टपाल कचेरीतली. पन्नाशीची, तोंडानं फटकळ. चूक झाली की ती डोळे मोठे करायची, पण तोंड उघडायची नाही. दुसऱ्यानं हाक देणं म्हणजे भर पंगतीत यजमानाच्या हातातला वाढायचा डाव काढून घेणं. खाली उतरल्यावर मात्र सोडायची नाही.

"एनॉकदादा, आज आपण कुठल्या गावी जाऊन आलो?"

"का? आलो ना परत?"

"आलो. रस्ता विचारत विचारत आलो."

"तुला हाक द्यायची आहे, तसं सांग की बाई सरळ."

"मला काही नको. मला फक्त रविवारी जेवणाच्या वेळेला घरी पोचायचंय."

एनॉकला ते झोंबायचं, कारण ते खरं होतं. "या बाईचा डोळा माझ्या खिळ्यावर आहे," तो लेटीला सांगायचा. लेटी बटाटे सोलता सोलता म्हणायची, "खिळ्यावर कशाला असेल? तिच्याकडं चांगल्या खुंट्या आहेत."

अशात टेलिव्हिजनवाले गावात आले. जुन्या कादंबऱ्यांवरून ते एक विनोदी मालिका करत होते. काळ पन्नास वर्षांपूर्वीचा, टोप्यांचा आणि लांब मोटारींचा. एक खडूस कर्नल, त्याची विधवा बहीण, आणि दर भागात कुणाचं तरी मोडणारं लग्न. या भागातलं लग्न मॉल्टर्बीच्या चर्चमध्ये मोडायचं होतं. गोष्टीत जून महिना होता, गावात नोव्हेंबर. त्यांनी सफरचंदाच्या बोडक्या झाडाला कागदी फुलं बांधली. कावळ्यांनी त्यातली निम्मी सकाळीच सोडून नेली.

दिग्दर्शक फॅनशॉसाहेब उंच, गळ्यात मफलर, बोलताना हातांनी आभाळ पुसल्यासारखं करणारे. ते एनॉकला म्हणाले, "प्रसंग सोपा आहे. दारात नवरा-नवरी उभे. वर घंटा चाललेल्या. घंटा थांबतात, सगळीकडं शांतता, आणि त्या शांततेत नवरा म्हणतो, मला जमायचं नाही. आणि पळतो. पुरता येईल ना आवाज? आणि थांबाल ना वेळेवर?"

"घंटा घरी आल्या की थांबू."

"किती वेळात येतात?"

"तुमचा पाईप पेटेपर्यंत."

"वा! आणि एक कॅमेरा वर तुमच्या खोलीत. तुम्ही सगळे पडद्यावर दिसाल."

इथं घोडं पेंड खायला लागलं. गावच्या पबमध्ये त्या संध्याकाळी एनॉकनं सगळ्यांदेखत थिर्झाला सुनावलं, "बाई, हा निकाल समज. कॅमेऱ्यापुढं माझ्या हाकेनं घंटा घरी आल्या, तर पहिला खिळा मरेपर्यंत माझा आणि तू टोमणे बंद करायचे. नाही आल्या, तर मी आपण होऊन कोट उचलीन."

"मी काही पैज मागितली नाही," थिर्झा म्हणाली.

"घाबरलीस?"

"हो. पण स्वतःसाठी नाही."

एनॉकनं ते शेवटचं वाक्य ऐकलं, आणि तो हसला. माणूस हसतो तेव्हा विचार करत नाही, हा त्यातला फायदा.

चित्रीकरणाच्या दिवशी रंगभूषेच्या बाईनं एनॉकला खुर्चीत बसवलं, थोडं मागं सरून त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "याला मिशी हवी." झुपकेदार मिशी होती ती, टोकं वर वळलेली. एनॉकनं आरशात पाहिलं आणि त्याला साक्षात आपले आजोबा दिसले. तो हरखला. लेटीला दाखवायला घरापर्यंत गेला.

"कसा दिसतो?"

"पाळलेल्या बोक्यासारखे," लेटी म्हणाली. "ती मिशी घेऊन हाक कशी देणार तुम्ही?"

"तोंडानं."

"तेच म्हणते. तोंडावर आहे ती."

लेटीचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण एनॉक मनोरा चढला. कोपऱ्यात कॅमेरावाला अंग चोरून बसला होता. तिसऱ्या आणि चौथ्या घंटेवर ओल्डरशॉ नवरा-बायको, पाचवीवर अबोल मिस पेल, थोरलीवर अँब्रोज, बैलासारखा दांडगा आणि बैलासारखाच शांत. अँब्रोजच्या डोक्यावर त्यांनी एवढीशी टोपी बसवली होती आणि तो दुखऱ्या दाताच्या माणसासारखा उभा होता. सहाजणांनी दोर धरले. एनॉकनं सर्वांवरून नजर फिरवली, नको तेवढी सावकाश, कारण कॅमेरा चालू होता. मग त्यानं धाकटी ओढली.

सुरुवात अशी सुंदर झाली, की थिर्झाच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला. ठोके पाण्याच्या थेंबांसारखे मोजके पडत होते. पहिली हाक नेमकी गेली. दुसरी हाक जवळ आली, एनॉकनं छाती भरून श्वास घेतला, आणि मिशीचं डावं टोक सुटून तोंडात गेलं.

गोंदाची चव कडू असते. त्या चवीपायी एनॉकला हाक द्यायला एक ठोका उशीर झाला. मिसेस ओल्डरशॉ हाकेप्रमाणं वळल्या. मिस्टर ओल्डरशॉ आधीच पुढं निघून गेले होते ते अडखळून परतले. आणि गंमत अशी, की नवरा बायकोच्या वाटेला लागला, बायको नवऱ्याच्या. लग्नाला इतकी वर्षं झालेली, जागा बदलल्याचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

फेरी संपत आली. एक, दोन, चार, तीन, पाच, सहा. सगळ्या घंटा घरी, फक्त दोन एकमेकींच्या दारात. म्हणजे घरी नव्हेच. कायद्याप्रमाणं पुढची फेरी सुरू.

अशा वेळी एक छोटी हाक असते, "सिंगल" म्हणतात तिला. ती दोघांची अदलाबदल करून सगळं सरळ करते. ती द्यायची जागा दर फेरीत एकदाच येते. एनॉकला हाक ठाऊक होती. जागा मात्र डोक्यातून अशी गेली होती, जशी मुठीतून मासळी जाते. तो जागा शोधू लागला. फेरी संपली. चार, तीन. पुन्हा शोधू लागला. चार, तीन. मिशी आता एकाच टोकानं लोंबत होती आणि दर ओढीला त्याच्या हनुवटीवर चापट मारत होती. ताल मात्र एका केसानंही ढळला नाही. एनॉकच्या मनात आलं, चुकतोय खरं, पण काय तालात चुकतोय!

खाली नवरी नोव्हेंबरच्या वाऱ्यात झिरझिरीत रेशमी पोशाखात उभी होती. तिचं नाक आधी लाल झालं, मग जांभळं. नवरा पळायच्या तयारीत एक पाय पुढं टाकून होता. पायात गोळा आला. कर्नल झालेला नट चक्क खाली बसला. फॅनशॉसाहेबांनी पाईप पेटवला, ओढला, झाडला, पुन्हा भरला. पलीकडच्या वृद्धाश्रमातली म्हातारी मिसेस गॅथरकोल काठी टेकत फाटकाशी आली. इतका वेळ घंटा तिनं महायुद्ध संपलं तेव्हाच ऐकल्या होत्या. ती आनंदानं ओरडली, "पुन्हा लढाई संपली का हो?"

वर थिर्झा एनॉककडं बघत होती. एनॉकला ते डोळे दिसत होते. मांजर उंदराच्या बिळावर बसतं तशी बसली आहे, त्याला वाटलं. आता झडप घालील, मग घालील.

शेवटी थिर्झानं तोंड उघडलं. मोठ्यानं नाही, शेजाऱ्याला मीठ मागावं तसं. "सिंगल."

ओल्डरशॉ नवरा-बायको आपापल्या वाटेवर परतले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. गंगेत घोडं न्हालं. घंटा थांबल्या, आणि खालून, त्या शांततेत, नवऱ्याचा जिवाच्या आकांतानं आलेला आवाज, "मला जमायचं नाही!" आणि लंगडत पळण्याचा आवाज.

फॅनशॉसाहेब धापा टाकत जिना चढून आले आणि त्यांनी एनॉकला मिठीच मारली. "साहेब, तुम्ही कलावंत आहात! ते चेहरे! ती नवरी! असा त्रासलेला नवरा मला कुठल्या नटाकडून मिळाला नसता. मुद्दाम लांबवलंत ना?"

दोर ओढणारे सहाजण होते आणि सहाही जणांना उत्तर माहीत होतं. एनॉकनं लोंबणारी मिशी उचलून पुन्हा ओठावर दाबली.

"प्रसंगाची गरज होती," तो म्हणाला.

अँब्रोजनं टोपी काढून खिशात घातली. थिर्झा आपला कोट घेऊन खाली गेली, थंड कोट. मनोऱ्यातलं गावात न्यायचं नाही हाही मनोऱ्याचा कायदा. गावात कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग हिवाळाभर एनॉक हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला. पबमध्ये तो प्रसंग रंगवून सांगे, दर वेळी एक फेरी जास्त. पैजेची आठवण त्यानं काढली नाही, थिर्झानंही नाही. तिचे टोमणेही बंद झाले, आणि हेच त्याला सलू लागलं. टपाल कचेरीत तिकीट घ्यायला जावं, तर ती "आणखी काही?" एवढंच म्हणे. "ती बोलत नाही गं," त्यानं लेटीला सांगितलं.

"तुम्ही जिंकलात ना? मग ती काय बोलणार?"

लेटीला काहीही ठाऊक नव्हतं. म्हणजे निदान ती तसं दाखवत होती.

वसंतात तो भाग लागला. गावानं सार्वजनिक सभागृहात मोठा टेलिव्हिजन आणला, लोकांनी घरून खुर्च्या आणल्या, कुणी डुकराच्या मांसाची वडी आणली, कुणी बिअर. एनॉकला पुढच्या रांगेत मधोमध बसवलं. घंटांचा प्रसंग आला, आणि पहिल्याच ठोक्याला मागच्या रांगेतून अँब्रोज म्हणाला, "या आपल्या नव्हेत." शांत माणूस, पण कान तिखट. टेलिव्हिजनवाल्यांनी मॉल्टर्बीचा आवाज काढून कुठल्यातरी मोठ्या गावच्या आठ घंटा वर चढवल्या होत्या. दोर दिसत सहा, घंटा ऐकू येत आठ. मिस पेल पहिल्यांदाच मोठ्यानं काहीतरी बोलल्या, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग पडद्यावर एनॉक आला. भला मोठा. तोंड अर्धवट उघडं, डोळे छताला, मिशीचं एक टोक जागेवर आणि दुसरं हनुवटीवर चापट मारत. सभागृह कोसळलं हसून. एनॉकनं स्वतःकडं पाहिलं. गोगलगाय गिळून पस्तावलेला बेडूक, त्याच्या मनात आलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. हसण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

मग थिर्झाचा चेहरा आला. नवरीचा. पुन्हा थिर्झाचा. कर्नलचा. पुन्हा थिर्झाचा. लोक दर वेळी हसत होते. एनॉकचं हसू मात्र हळूहळू उतरलं. घंटांचा आवाज परका असला तरी हात त्यांचे होते, आणि हातांवरून त्याला ओळ वाचता येत होती. ही पहिली फेरी. ती छोटी हाक द्यायची जागा आली. आणि पडद्यावर थिर्झाचा ओठ किंचित हलला, शब्द जिभेवर आला, आणि तिनं तो गिळला. दुसरी फेरी. तीच जागा. तिनं पुन्हा एनॉककडं पाहिलं, पुन्हा गिळला. म्हणजे हिला पहिल्याच फेरीत सापडलं होतं. आणि ते मांजराचे डोळे नव्हते. मूल पहिल्यांदा ओढ्यावरच्या फळीवरून चालताना आई काठावरून जसं बघते, आणि हात पुढं करत नाही, तसे होते.

सगळं गाव हसत असताना एनॉकनं मान वळवली. थिर्झा भिंतीशी उभी होती, हातात रिकामी बशी. ती पडद्याकडं बघत नव्हती.

रविवारी एनॉक सर्वांच्या आधी मनोरा चढला. थिर्झा आली तेव्हा शेगडी पेटलेली होती आणि पहिला खिळा मोकळा. एनॉकचा कोट दाराजवळच्या शेवटच्या खिळ्यावर, फटीतून वारा येतो तिथं.

"एनॉकदादा, कोट चुकीच्या खिळ्यावर आहे."

"या खेपेला नाही."

"मी मागितला नव्हता."

"मागितला असतास तर दिला नसता." तो दोराची लोकरी मूठ उगाच साफ करत राहिला. "पहिल्या फेरीत का बोलली नाहीस?"

"वाटलं, तुम्हाला सापडेल."

"आणि दुसऱ्या?"

"तेव्हाही वाटलं."

"ती नवरी गोठून मेली असती, बाई."

"मेली असती. ती काय आपल्या मनोऱ्यातली होती?"

थिर्झानं आपला कोट काढला, पहिल्या खिळ्याकडं पाहिलं, आणि एकदाचा टांगला. बाकीचे एकेक करून वर आले, खिळ्यांकडं पाहिलं, आणि आपापल्या दोराशी गेले. मिसेस ओल्डरशॉ नवऱ्याला म्हणाल्या, "आज आपल्याच वाटेनं चला."

हाक थिर्झानं दिली. स्वच्छ, आखूड हाक. कालव्याच्या पाण्यावर खडा पडावा तशी. मधेच एनॉक छताकडं बघू लागला, आणि ती सर्वांसमोर कडाडली, "धाकटी, मागं या! मागं!" एनॉक निमूट मागं आला. इतक्या दिवसांनी तिचं फटकारणं ऐकून त्याला इतकं बरं वाटलं, की तो आणखी एकदा चुकता चुकता राहिला. घंटा घरी आल्या.

प्रार्थनेआधी शेवटची थोडी मिनिटं थोरली एकटीच वाजते, संथ. अँब्रोज ती वाजवत राहिला. साऱ्या गावाला चर्चमध्ये बोलवायचं आणि आपण मात्र जेवायला घरी जायचं, ही घंटावाल्यांची जुनी खोड. पाद्रीबाबांनी त्यापुढं कधीच हात टेकले आहेत. एनॉकनं आपला कोट चढवला. "थंड आहे गं हा," तो म्हणाला, आणि जिना उतरला.

मनोऱ्याला एक चिंचोळी खिडकी आहे. तिथून कालव्याचा बांध पार क्षितिजापर्यंत दिसतो. थिर्झा तिथं जाऊन उभी राहिली. आभाळ मोठं होतं, बांध सरळ होता, आणि त्यावरून एनॉक हात मागं बांधून चालला होता, एवढासा, मग आणखी एवढासा.

"काय दिसतंय?" दोर न सोडता अँब्रोजनं विचारलं. "रागावून चाललाय का?"

"नाही," थिर्झा म्हणाली. "तुझ्या ठोक्यावर पावलं टाकतोय."

थोरलीचा ठोका पडला. दूर बांधावर एनॉक कशाला तरी ठेचकाळला, हात पसरून सावरला, आणि पुढं चालू लागला.

"आता काय झालं?"

"अडखळला," ती खिडकीतून न हलता म्हणाली. "ठोक्यावरच."